आराखडा आणि माणूस : इंदूरचे तीन प्रयोग



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला भूमिती शिकवली. त्यांच्या शिकवण्यात प्रत्येक प्रमेयाचे चार भाग असत : पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता. आम्हा मुलांना घाई असे ती रचनेची. प्रश्न पुरता वाचून होण्याआधीच कंपास हातात येई. गुरुजी तो शांतपणे काढून घेत आणि म्हणत, "आधी पक्ष लिही. तुला काय दिले आहे हेच ठाऊक नसेल, तर तू काढणार काय?" पुढे मी स्थापत्य अभियंता झालो आणि आयुष्यभर आकृत्याच काढल्या; पण त्या वाक्याचा अर्थ मला वर्गात कळला नव्हता. तो एका नळावर कळला.

नोकरीच्या पहिल्या वर्षांतील गोष्ट आहे. इंदूरच्या एका वस्तीत सार्वजनिक नळकोंडाळे बांधण्याचे काम माझ्याकडे होते. पुस्तकातील मापांप्रमाणे चौथरा, तोट्या, सांडपाण्याची मोरी असे सारे यथासांग झाले. पाणी आले, नारळ फुटला. आठ दिवसांनी जाऊन पाहतो, तो कोणीतरी दगड रचून त्यांवर फरशी टाकली होती आणि चौथऱ्याला खेटून कमरेइतका उंच, ओबडधोबड ओटा उभा केला होता. मला ते अतिक्रमण वाटले. मी तो हटवायला सांगितला. तेव्हा रांगेतील एक वृद्ध बाई, मूळच्या खानदेशातल्या, म्हणाल्या, "साहेब, हंडा भरायचं तुम्ही पाहिलं. भरलेला हंडा डोक्यावर चढवायचा कोणी?"

पंधरा लिटर पाण्याचे वजन पंधरा किलो, हे मला पाठ होते. ते वजन जमिनीवरून डोक्यापर्यंत एकटीने न्यायचे तर मध्ये एक पायरी लागते, हे मला ठाऊक नव्हते. ते त्या रांगेतील प्रत्येकीला ठाऊक होते आणि मी कोणालाही विचारले नव्हते. पुढच्या नळकोंडाळ्याच्या आराखड्यात तो ओटा मी स्वतः काढला. माझ्या नोकरीतील ती एकच सुधारणा मी खात्रीने चांगली म्हणू शकतो, आणि ती माझी नव्हती.

आजच्या व्याख्यानाचा विषय त्या बाईंच्या प्रश्नातून निघाला आहे. 'डिझाइन' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साडीचा काठ येतो, फार तर एखादी देखणी खुर्ची येते. परंतु दवाखान्यातील केसपेपरची खिडकी, रेशनच्या दुकानातील रांग, वस्तीतील संडास, शाळेतील पाण्याची टाकी यांचीही कोणीतरी रचना केलेली असते. कोणीच जाणूनबुजून केलेली नसेल, तर ती आपोआप झालेली असते आणि बहुधा वाईट झालेली असते. या सेवांची रचना, त्या वापरणाऱ्या माणसांना सोबत घेऊन करावी, असा एक विचार गेल्या काही दशकांत जगभर मान्यता पावला आहे. तो परदेशातून आलेला नवा विचार आहे अशी पुष्कळांची समजूत असते. मला आज असे दाखवायचे आहे की, या विचाराचे तीन मोठे प्रयोग आपल्या इंदुरातच झाले. त्यांपैकी एक शंभर वर्षांहून जुना आहे. तिन्ही प्रयोग नावाजले गेले; तिन्हींत काही साधले, काही निसटले. जे निसटले त्यातूनच शिकण्यासारखे अधिक आहे.

पहिला प्रयोग : एका दिवसाचे महाराज

पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे. जन्म १८५४ चा. शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ आणि डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले आणि पुढील दहा वर्षांत त्यांनी अनेक शहरांची पाहणी करून अहवाल लिहिले. १९१६ मध्ये सयाजीरावांच्या बडोद्याचा अहवाल झाला. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक गेडिसच होते, मालवणचे गो. स. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात इंदूर दरबाराने त्यांना निमंत्रण दिले आणि १९१८ मध्ये त्यांचा इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल छापला गेला.

त्या काळची नगरसुधारणा म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ता काढणे आणि त्याच्या वाटेत येणारी घरे पाडणे. रस्ता होई, घरे गेलेली माणसे शेजारच्या वस्तीत दाटीने शिरत आणि तेथील रोगराई वाढवीत. गेडिस यांनी या पद्धतीला ठाम विरोध केला. वैद्य आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. नगररचनाकारानेही आधी निदान करावे, असे त्यांचे सांगणे होते. यासाठी ते गल्लीगल्लीतून पायी हिंडत. कोणते घर खरोखर मोडकळीस आले आहे, कोणते डागडुजीने वाचेल, कोठे एक भिंत मागे घेतली की चौक मोकळा होईल, कोठे एक झाड लावता येईल, हे ते जागेवर पाहत. त्यांच्या या पद्धतीला 'जपून केलेली शस्त्रक्रिया' असे नाव पडले. तिचा खर्च सरळ रस्त्याच्या खर्चाहून कितीतरी कमी येई आणि बेघर होणारी माणसेही थोडी असत.

पण इंदुरात एक विचित्र अनुभव त्यांना आला. हातात नकाशा घेऊन ते फिरू लागले की लोक भयाने बोटे दाखवीत. शहर प्लेगने वारंवार गांजलेले होते, आणि नकाशा घेऊन येणारा साहेब म्हणजे घर पाडणारा साहेब, हे लोकांना अनुभवाने माहीत होते. आपण लोकांच्या भल्यासाठी आलो आहोत हे गेडिस यांना ठाऊक होते. लोकांना ते ठाऊक नव्हते. अशा वेळी पुष्कळ तज्ज्ञ लोकांच्या अज्ञानाला दोष देऊन मोकळे होतात. गेडिस यांनी वेगळे केले. त्यांनी दरबाराकडे एका दिवसासाठी महाराजांचे अधिकार मागितले आणि ते मिळवले.

मग दिवाळीच्या निमित्ताने एक मिरवणूक ठरली. तिचा मार्ग मात्र आधी जाहीर झाला नाही. ज्या गल्ल्यांतील लोक आपली घरे व अंगणे सर्वांत जास्त स्वच्छ व दुरुस्त करतील, त्या गल्ल्यांतून मिरवणूक जाईल, एवढेच सांगण्यात आले. केरकचरा फुकट उचलून नेण्याची व्यवस्था झाली. उंदीर पकडण्याची मोहीम निघाली. चढाओढ लागली. घराघरांतून वर्षांची अडगळ बाहेर पडली, भिंतींना चुना लागला. मिरवणुकीच्या दिवशी हत्ती, घोडे, वाद्ये होतीच. शेतीचे आणि धंद्यांचे देखावे होते, लक्ष्मी होती. त्यामागे रोगांची भेसूर सोंगे, घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर. आणि त्यांच्या पाठोपाठ शहरातील सफाई कामगार, शुभ्र नवे कपडे, नवी पागोटी, झाडूंना फुलांच्या माळा. त्यानंतर नगरदेवता आणि होऊ घातलेल्या ग्रंथालय-वस्तुसंग्रहालयासारख्या वास्तूंच्या प्रतिकृती; आणि शेवटी तुळशीच्या रोपांचे वाटप. संध्याकाळी राक्षस आणि उंदीर जाळण्यात आले. प्लेग ओसरला. त्याचा हंगामही संपत आला होता, हे गेडिस यांनी स्वतःच प्रांजळपणे सांगितले आहे. पण लोकांच्या मनातील भीती गेली, हा लाभ खरा होता.

श्रोतेहो, या कथेतील हत्तीघोडे बाजूला ठेवून पाहिले तर काय उरते? स्वच्छता ही सरकारने करावयाची कारवाई न राहता लोकांचा सण झाली. यासाठी गेडिस यांनी परकी भाषा वापरली नाही. दिवाळीची सफाई, रावणदहन, तुळशीवृंदावन ही लोकांची स्वतःची भाषा वापरली. आणि ज्यांच्या सावलीचाही त्या काळी विटाळ मानला जाई, त्यांना पागोटी बांधून राजमार्गावरून मानाने चालवले. शहराची सेवा अखेर कोणाच्या हातांवर उभी आहे, हे त्यांनी सर्वांना पाहायला लावले.

निसटले ते असे. मिरवणूक एका दिवसाची होती. दुसऱ्या दिवशी महाराज पुन्हा महाराज झाले आणि झाडूवाले पुन्हा झाडूवाले. त्यांच्या अहवालात सांडपाण्याविषयीही महत्त्वाचा विचार होता. प्रचंड खर्च करून सारी घाण नळांतून नदीच्या खालच्या अंगाला नेऊन सोडण्यापेक्षा ती जमिनीला, बागांना, शेतीला द्यावी, असे त्यांचे मत होते. पुढे याच इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात खत तयार करण्याची जी पद्धत सिद्ध केली, ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. खान आणि सरस्वती या आपल्या नद्यांपर्यंत मात्र तो विचार पोहोचला नाही. शहर वाढत गेले आणि नद्यांचे नाले होत गेले.

दुसरा प्रयोग : अपुरे ठेवलेले घर

दुसऱ्या प्रयोगासाठी १९८३ सालाकडे यावे लागेल. शहराच्या उत्तरेला, आग्रा-मुंबई रस्त्यालगत सुमारे ८५ हेक्टर जमिनीवर इंदूर विकास प्राधिकरणाने एक नवी वसाहत वसवायचे ठरवले. सुमारे ६,५०० भूखंड आणि ६०,००० माणसे, असा अंदाज होता. भूखंडांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी होते. आराखड्याचे काम बाळकृष्ण दोशी यांच्या वास्तुशिल्प प्रतिष्ठानाकडे आले. दोशी मूळचे पुण्याचे. जन्म १९२७ चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. पुढे २०१८ मध्ये त्यांना प्रिट्झकर हा वास्तुकलेतील सर्वोच्च समजला जाणारा सन्मान मिळाला. २०२३ च्या जानेवारीत ते निवर्तले. या वसाहतीचे नाव 'अरण्य'.

आराखड्याआधी पक्ष लिहिला गेला, हे या कामाचे पहिले वैशिष्ट्य. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या अभ्यासकांबरोबर इंदूरच्या झोपडवस्त्यांची बारकाईने पाहणी झाली. गरीब माणूस स्वतःचे घर स्वतः बांधतो, तेव्हा तो जागा कशी वापरतो, हे त्यांनी मोजले. दारापुढचा ओटा किती रुंद असतो, तेथे काय काय चालते. झाड कोठे असते, त्याखाली कोण बसते. दुकान घरात कसे शिरते. गल्ली कोठे अरुंद होते आणि कोठे चौकासारखी फुगते. बाहेरून पाहणाऱ्याला जे गबाळे दिसते, त्यात एक शहाणपण असते, असे या पाहणीतून दिसले. गरिबाचे निम्मे घर घराबाहेर असते. ओट्यावर धान्य निवडले जाते, मुले अभ्यास करतात, म्हातारी माणसे झोपतात, शिवणयंत्र चालते. सरकारी चाळ बांधताना आपण खोली देतो आणि ओटा काढून घेतो, म्हणजे निम्मे घर काढून घेतो.

दुसरे वैशिष्ट्य, घर अपुरे ठेवण्याचे. सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा. त्यावर जोते आणि संडास-न्हाणीचा गाभा तयार, पाणी व वीज दारात. ज्याची ऐपत अधिक, त्याला एखादी खोली बांधून मिळे. बाकीचे घर कुटुंबाने आपल्या सवडीने वाढवायचे. कसे वाढवता येईल हे दाखवण्यासाठी दोशींनी नमुन्याची ८० घरे बांधली. ओटे, सज्जे, बाहेरून चढणारे जिने यांचे नाना प्रकार त्यांत होते. कोणता घ्यावा, हे राहणाऱ्याने ठरवायचे. मोठे भूखंड महामार्गालगत व कडेला ठेवून ते बाजारभावाने विकायचे आणि त्या नफ्यातून गरिबांच्या भूखंडांचा भार हलका करायचा, अशी आर्थिक योजनाही त्याच आराखड्यात विणलेली होती. १९९५ मध्ये या वसाहतीला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

अपुरे घर देणे म्हणजे गरिबाला अर्ध्यावर सोडणे, असा आक्षेप कोणी घेईल. पण आपल्यापैकी किती जणांच्या वडिलांनी घर एका दमात बांधले? पहिल्या पगारवाढीत माडी, थोरल्याच्या लग्नात मागची खोली, अशीच आपली घरे वाढली. ऐपतीनुसार घर वाढवण्याचा हा मध्यमवर्गाचा हक्क दोशींनी गरिबाला दिला, इतकेच.

पण येथेही सिद्धता अवघड ठरली. वर्षे लोटली, शहर अरण्यापर्यंत येऊन पुढे गेले, जमिनीचे मोल चढले. पुष्कळ मूळ धारकांनी भूखंड विकले. कोठे दोन-तीन भूखंड जोडून मोठी घरे उठली, ओटे आत घेतले गेले, नमुन्याची घरे ओळखू येईनाशी झाली. काही टीकाकार म्हणतात, योजना फसली. काही म्हणतात, बदलत राहणे हाच तर या आराखड्याचा हेतू होता. मला दोन्हींत तथ्य दिसते. घर बदलले याचे दुःख नको. ज्याच्यासाठी ते होते तो माणूस तेथून निघून गेला असेल, तर तो कोठे गेला, हा प्रश्न मात्र आराखड्याला विचारला पाहिजे. जोते, गाभा, ओटा यांचा विचार झाला. घरातील कमावत्या माणसाची नोकरी जाते, मुलगी आजारी पडते आणि भूखंड विकण्याखेरीज मार्ग उरत नाही, त्या दिवसाचा विचार कोणत्याच नकाशावर नव्हता.

तिसरा प्रयोग : नाल्याकाठची माणसे

तिसरा प्रयोग माझ्या व्यवसायाचा आणि म्हणून माझ्या मनाला सर्वांत जवळचा. अभियंता हिमांशू पारिख यांनी एक साधी गोष्ट पाहिली. शहराच्या झोपडवस्त्यांचा नकाशा घ्या आणि त्यावर नैसर्गिक नाल्यांचा नकाशा ठेवा. दोन्ही जवळजवळ एकमेकांवर बसतात. कारण उघड आहे. चांगली, उंच जमीन सर्वांनी घेतल्यावर गरिबाला उरते ती नाल्याकाठची. आणि सांडपाण्याची नळवाहिनी पंपाशिवाय, केवळ उताराने न्यायची असेल, तर तिचाही मार्ग तोच. तेव्हा झोपडवस्ती ही शहराच्या अंगावरचे गळू नसून तिच्यातूनच साऱ्या शहराच्या मलनिस्सारणाचा स्वस्त मार्ग जातो, असा हा विचार. वस्त्यांना जोडत गेलो तर वस्त्या सुधारतील आणि नद्याही वाचतील.

ब्रिटिश सरकारच्या मदतीने १९८९ पासून हे काम इंदुरात सुरू झाले. १८३ वस्त्या, सुमारे साडेचार लाख लोकवस्ती, ३६० किलोमीटर रस्ते, ३०० किलोमीटर मलवाहिन्या, असा त्याचा पसारा होता. रस्त्यांची एक युक्ती विशेष होती. एरवी डांबराचे थर चढत जाऊन रस्ता घरांपेक्षा उंच होतो आणि पावसाचे पाणी घरात शिरते. येथे रस्ते जोत्यांच्या पातळीखाली ठेवून रस्त्यावरूनच पाणी वाहून जाईल असे केले. वेगळी पावसाळी गटारे फारशी लागली नाहीत. या योजनेला १९९८ चा आगाखान पुरस्कार लाभला. एकाच शहराला तीन वर्षांत असे दोन पुरस्कार मिळाल्याचा आपल्या सर्वांना अभिमान वाटला, मलाही वाटला.

त्यानंतर दिल्लीतील नगररचनाकार गीता दिवाण वर्मा यांनी इंदूरमधील वस्तुस्थिती तपासून अत्यंत परखड टीका केली. २००२ मधील त्यांच्या पुस्तकातही या योजनेची झाडाझडती आहे. मलवाहिन्या तुंबतात, पुष्कळ घरे जोडलेलीच नाहीत, वाहिन्यांच्या शेवटी मैलाशुद्धीची पुरेशी सोय नाही, असे त्यांचे मुद्दे होते. ही टीका वाचून प्रथम मला राग आला. मग मी अभियंता म्हणून विचार केला. मलवाहिनीत मैला अडकू नये यासाठी आतील प्रवाहाला किमान वेग लागतो. आपल्या देशात तो सेकंदाला सुमारे ०.६ मीटर धरतात. त्यासाठी पुरेसे पाणी हवे. १९७८ साली नर्मदेचे पाणी आले तरी शहर त्याहून वेगाने वाढले आणि अनेक वस्त्यांत पाणी दिवसाआड येत राहिले. घरात एक बादली पाणी संडासासाठी टाकायचे की पिण्यासाठी ठेवायचे, हा ज्या बाईपुढचा प्रश्न आहे, तिच्या बादलीवर आपण तीनशे किलोमीटर वाहिनीचा वेग अवलंबून ठेवला. नकाशा बिनचूक होता. उतार बिनचूक होते. हंडा भरायचे पाहिले होते. उचलायचे कोणी, हे पुन्हा राहून गेले.

तुंबलेली वाहिनी आपोआप मोकळी होत नाही. वर्षानुवर्षे तिच्यात एक माणूस उतरत आला आहे. गटारात माणूस उतरवून मैला साफ करवून घेण्यास कायद्याने बंदी आहे. १९९३ चा कायदा अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये अधिक कडक कायदा झाला. तरीही मृत्यूंच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. सदोष आराखड्याची किंमत आराखडा काढणारा क्वचितच मोजतो. ती मोजणारा तोच असतो, ज्याला गेडिस यांनी एक दिवस पागोटे बांधले होते.

पारिख यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. याच कल्पनेचा पुढचा अवतार अहमदाबादेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला, तेव्हा क्रम बदलला. प्रत्येक कुटुंबाने २,००० रुपये वाटा उचलायचा, वस्तीची समिती आधी बनायची, स्वयंसेवी संस्था प्रथमपासून सोबत राहायची आणि महापालिकेने दहा वर्षे वस्ती न हटवण्याची हमी द्यायची, असे ठरले. घर उद्या राहील की नाही हे ठाऊक नसलेला माणूस संडासावर पैसे घालत नाही, हा 'पक्ष' तेथे लिहिला गेला.

स्त्रियांनी काढलेला आराखडा

आता थोडा वेळ इंदूर सोडून मुंबई-पुण्याकडे जाऊ, कारण त्या बाईंच्या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर मला तेथे सापडले. मुंबईत भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांनी 'स्पार्क' या संस्थेच्या साहाय्याने १९८० च्या दशकात 'महिला मिलन' ही आपली संघटना उभी केली. घर कसे हवे, हे ठरवण्यासाठी त्यांनी कागदावर रेघा ओढल्या नाहीत. लाकूड आणि कापड वापरून खऱ्या मापाचे घर उभे केले आणि आत जाऊन वावरून पाहिले. चूल कोठे, पोटमाळ्यावर किती जण झोपतील, हे चालून, वाकून, आडवे पडून ठरवले. त्यांतून चौदा फूट उंचीचे, पोटमाळ्याचे घर निघाले. लहान जागेत दुप्पट संसार मावतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

सार्वजनिक संडासाबाबत तर त्यांचा विचार थक्क करणारा आहे. लहान मुले संडासात का जात नाहीत? अंधाराची आणि मोठ्या भोकात पडण्याची भीती, आणि रांगेत मोठी माणसे त्यांना मागे ढकलतात. म्हणून मुलांसाठी वेगळी, लहान, उघडी जागा, धरायला दांडी. स्त्रियांना वेगळे प्रवेशद्वार. पाण्याची मोठी टाकी. आणि वरती किंवा बाजूला देखभाल करणाऱ्या कुटुंबासाठी राहण्याची खोली. पुण्यात रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, १९९९ ते २००१ या काळात, अशा पद्धतीने चारशेहून अधिक संडास-इमारती आणि दहा हजारांहून अधिक आसने बांधली गेली. कामाचा आढावा दर आठवड्याला होई. वापरासाठी दर खेपेला नाणे मोजण्याऐवजी कुटुंबाचा महिन्याचा वीस रुपयांच्या आसपासचा पास ठेवला. कारण दर खेपेला रुपया असेल तर सहा जणांचे कुटुंब उघड्यावरच जाणार, हा हिशेब स्त्रियांनी मांडला होता.

राखणदाराची ती खोली मला सर्वांत मोलाची वाटते. साऱ्या इमारतीत संडासाशी संबंध नसलेली तेवढी एकच जागा, आणि तिच्यावाचून बाकीची इमारत वर्षभरात निरुपयोगी होते. त्या खोलीने हंडा उचलणाऱ्याला आराखड्यातच जागा दिली. सर्व ठिकाणी ती व्यवस्था सारखी टिकली असे मी म्हणणार नाही. जेथे संघटना ढिली पडली तेथे संडासही ढासळले. पण यातूनही तीच गोष्ट सिद्ध होते.

सिद्धता

या चारही कथांतून एक सूत्र मला दिसते. रचनाकार लोकांत गेला, एवढ्याने काम होत नाही. तो केव्हा गेला आणि केव्हा परतला, हे महत्त्वाचे. गेडिस आधी गेले, पण एका दिवसानंतरची व्यवस्था मागे ठेवू शकले नाहीत. दोशी आधी गेले आणि लोकांसाठी जागा मोकळी ठेवून आले, पण लोकांना तेथे टिकवून धरणारे काही त्यांच्या हाती नव्हते. आमच्या मलवाहिन्या शास्त्रशुद्ध होत्या, पण त्यांना पाणी देणारा आणि त्यांची निगा राखणारा माणूस आराखड्याबाहेर राहिला. भायखळ्याच्या स्त्रियांना कोठे जावेच लागले नाही आणि परतावेही लागले नाही, कारण त्या तेथेच राहत होत्या.

२०१७ पासून सलग अनेक वर्षे आपले शहर स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अग्रस्थानी राहिले. घराघरांतून ओला-सुका कचरा वेगळा होऊन गाडीत पडू लागला. रात्री सराफ्यातील खाऊगल्ली मिटली की लगेच झाडू फिरू लागला. या यशाचे श्रेय योजनेला द्या, पण त्याहून अधिक रोज सकाळी गाडीची वाट पाहणाऱ्या गृहिणीला आणि त्या गाडीमागे धावणाऱ्या माणसाला द्या. हे यश तोवरच आहे, जोवर ती दोघे आहेत. उद्या पारितोषिके थांबली, तरी तो धावणारा माणूस सुरक्षित असेल, त्याच्या हातांत मोजे असतील, त्याच्या मुलांना या शाळेच्या बाकावर जागा असेल, असे आपण म्हणू शकतो काय? माझ्या मते या शहराच्या आराखड्याची सिद्धता तेथे व्हायची आहे.

या सभागृहात आज शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आहेत. कोणी अभियंते, कोणी डॉक्टर, कोणी बँकेत, कोणी सरकारी कचेरीत. आपण सर्वच कोणासाठी तरी काहीतरी आखत असतो : अर्जाचा नमुना, दवाखान्याची वेळ, शाळेचे वेळापत्रक. माझी विनंती एवढीच की, कागद हाती घेण्यापूर्वी रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहावे आणि शेवटच्या माणसाला विचारावे. उत्तर बहुधा त्याच्यापाशी असते. कित्येकदा तर ते त्याने दगड रचून तयारही ठेवलेले असते.

तो नळ आता राहिलेला नाही. घरोघरी जोडण्या झाल्या, नळकोंडाळे गेले, वस्तीचे रूप पालटले. काही महिन्यांपूर्वी मी त्या बाजूला गेलो होतो. चौथरा उखडला गेला होता, तोट्यांचा मागमूस नव्हता. दगडांवरचा तो ओटा मात्र जागेवर होता. त्यावर दोन मुले बसून गृहपाठ करीत होती. मी वाकून पाहिले. एकाच्या वहीत त्रिकोण काढलेला होता आणि वर एक शब्द लिहून जागा सोडली होती : पक्ष.